‘मॅडम, असं यंत्र जगात कोनीच नाई बनवलं’

२०२२ च्या ऑक्टोबरात शेवटच्या वर्षाची चार पोरं प्रोजेक्टचा विषय घेऊन माझ्या टेबलाशी आली, तेव्हा त्यांच्या म्होरक्याचं पहिलं वाक्य हेच होतं. कापूस वेचायचं हातातलं यंत्र. पाठीवरच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी, जुन्या ड्रिलची मोटर आणि सायकलचे स्पोक कापून ठोकलेला एक रोलर. रोलर फिरला की बोंडातला कापूस स्पोकला गुंडाळून आत ओढला जातो. “इतकं सोपं हाये, तरी कोनाच्या ध्यानात नाई आलं,” तो म्हणाला.

मीही मान डोलावली. एमटेक झालेली, नऊ वर्षं मेकॅनिकल शिकवणारी बाई मी, पण तोवर एकदाही पेटंट शोधून पाहिलं नव्हतं. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातलं, विनाअनुदानित. कुंपणाच्या एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. आमच्याकडे ‘लिटरेचर सर्व्हे’, म्हणजे आधी झालेल्या कामाचा आढावा, याचा अर्थ मागच्या बॅचच्या रिपोर्टातलं दुसरं प्रकरण काढायचं आणि वर्ष बदलायचं. हे लिहायला लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

पहिली चाचणी नोव्हेंबरात, म्होरक्याच्याच शेतात, बोरीजवळ. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, होऊन आठ-दहा दिवस झाले होते, पहिला वेचा चालू होता. त्याच्या आईनं कापूस भरायची कमरेची ओटी सोडली, यंत्र हातात धरलं, दहा मिनिटं चालवलं आणि पिशवी जमिनीवर ओतली. कापसात वाळकी पत्ती, बोंडाची टरफलं, काड्या. ती खाली बसून एकेक पत्ती काढायला लागली. “बापू, हे त कापूस कमी अन् पाला जास्त वेचून राह्यलं. व्यापारी काय म्हनन? हे सारं कवडीच्या भावात जाईन.” मग जरा थांबून, आमची तोंडं उतरलेली पाहून असेल, तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. “सकाळी दव राह्यते तवा कापूस बोटाले कसा चिकटून येते. ऊन तापलं का मंग नाई.” आम्ही ते ऐकून घेतलं आणि विसरलो. आमचं लक्ष मोटरच्या फेऱ्यांवर होतं.

डिसेंबरात मी शोधायला बसले ते निव्वळ रिपोर्टाची पानं भरायला. ग्रंथालयातली ई-जर्नलची वर्गणी त्या वर्षी भरलेली नव्हती. फीचे आणि शिष्यवृत्तीचे पैसे अडकले की पहिली कुऱ्हाड ग्रंथालयावरच पडते, हे नवीन नाही. जो पेपर उघडावा तो तीस-चाळीस डॉलर मागायचा. म्हणून आधी फुकट असलेल्या दारांनी शिरले. शोधगंगावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध असतात, कृषिकोशवर कृषी विद्यापीठांचे. कापूस वेचणीच्या यंत्रांवर इंजिनिअरिंगच्या जर्नलांपेक्षा जास्त काम कृषी अभियांत्रिकीच्या एमटेक प्रबंधांत निघालं, आणि तेही आपल्याच मातीतलं. हाताच्या यंत्रानं ताशी किती किलो निघतो, किती कचरा येतो, बाईच्या मनगटावर किती ताण पडतो, सगळं मोजून ठेवलेलं. दोन पेपर हवेच होते, तर थेट लेखकांना ईमेल केली. एकानं तिसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवली, दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय.

पेटंटचं दार मात्र खरोखरच सताड उघडं होतं, आणि मला नऊ वर्षांत ते माहीत नव्हतं. युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप, गुगल पेटंट्स, आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास: चारही फुकट. पेटंटचा सौदाच असा असतो की सरकार तुम्हाला अर्ज केल्यापासून २० वर्षांची मक्तेदारी देतं आणि बदल्यात तुम्ही सगळी रीत जगाला उघडी करून सांगायची. म्हणजे ज्या कॉलेजला जर्नल परवडत नाही त्यालाही ही मांडणी, आकृत्यांसकट, वाचता येते.

सुरुवातीला मी शब्द टाकून शोधलं. ‘कॉटन पिकर’ म्हटलं की एक ढीग, ‘कॉटन हार्वेस्टर’ म्हटलं की दुसरा, आणि चिनी पेटंटांच्या यांत्रिक भाषांतरात तर कापसाला काय काय नावं पडलेली. दोन रात्री वाया गेल्या. मग कळलं की शब्द सोडायचे आणि वर्गीकरणाचा क्रमांक धरायचा. जगातल्या प्रत्येक पेटंटला विषयाप्रमाणे क्रमांक दिलेला असतो. कापूस वेचणीचा आहे ए-०१-डी ४६/०८. भाषा चिनी असो की पोर्तुगीज, क्रमांक तोच. तो टाकला आणि पडदा भरून गेला. रोलरचे, साखळीचे, हवेनं ओढणारे, पाठीवरचे, ट्रॅक्टरचे. आमचा स्पोकचा रोलर तर जवळजवळ तसाच, फक्त स्पोकच्या जागी दाते.

त्या क्रमांकाच्या शेपटाला धरून मागे मागे गेले तर अमेरिकेतलं कापूस वेचणी यंत्राचं पहिलं पेटंट लागलं: मेम्फिसच्या दोघांचं, साल १८५०. आपल्याकडे पहिली रेल्वे धावायच्या तीन वर्षं आधी.

दुसऱ्या दिवशी पोरांना बोलावलं. ‘जगात कोनीच नाई’वाला गप्प. बाकी तिघांनी विषय बदलायची तयारी केली. मी त्यांना जॉन रस्टची गोष्ट सांगितली, कारण आदल्या रात्री तीच मला जागी ठेवून गेली होती. टेक्सासचा हा माणूस. कापसाला चाती (स्पिंडल, म्हणजे फिरणारी सळई) लावून वेचायची खटपट करत होता. कापूस धरायला काटेरी चाती लावावी तर ती पाला-काड्याही ओढते आणि कापूस सोडता सोडत नाही. एका रात्री त्याला आठवलं की लहानपणी पहाटेच्या दवात कापूस बोटांना चिकटायचा, आणि आजी सूत काततानाही चाती ओली करायची. त्यानं गुळगुळीत चाती घेतली आणि ती ओली केली. त्याचं पेटंट १९३३ चं.

म्होरक्यानं माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, हे त माय सांगत होती.”

नोव्हेंबरात सांगत होती. आमच्यापैकी एकानंही ते वहीत लिहून घेतलं नव्हतं.

रस्टचं पेटंट कधीच संपलेलं, त्यामुळे ते कोणीही वापरावं. पोरांना ही नवलाची गोष्ट वाटली. त्यांची समजूत अशी की पेटंट म्हणजे कायमचं कुलूप. मुदत संपलेलं तर सगळ्यांचं असतंच, पण भारतात घेतलेलंच नसेल असं परदेशी पेटंटही इथे कोणाला अडवू शकत नाही. लगेच स्पंज लावून रोलर ओला केला. कापूस धरला छान, पण सुटेचना, आणि वर ओलावा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्के चालतो, त्याच्या वर कापूस परत. हे पोरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण घरची गाडी कोणी ना कोणी परत आणलेली. ओला रोलर सोडला. पण त्या खटपटीत एकाच्या लक्षात आलं की कापूस रोलरवरून सुटतो त्या क्षणी पत्ती आणि कापूस वेगवेगळ्या कोनात उडतात. तिथे त्यानं गजांची एक तिरपी जाळी बसवली, मोटरच्याच थरथरीनं हलणारी. पत्ती खाली, कापूस पिशवीत. सगळी नाही गळत, पण आईनं पुन्हा पिशवी ओतली तेव्हा बसून वेचायला तिला पूर्वीइतका वेळ लागला नाही.

इथवर बरं चाललं होतं. आता माझी चूक. जानेवारीत एका प्रोजेक्ट स्पर्धेत यंत्र मांडलं, बक्षीस मिळालं, स्थानिक पेपरात फोटो छापून आला, कॉलेजनं फ्लेक्स लावला. फोटोत रोलर, मोटर, हँडल, सगळं स्वच्छ दिसतंय. पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध लोकांसमोर उघडा झाला की त्याचं नवेपण गेलं. कायद्याच्या कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी. शाळा-कॉलेजच्या स्पर्धा त्यात बसत नाहीत. आमचं नशीब एवढंच की जाळी तेव्हा बनलीच नव्हती. ती फेब्रुवारीतली.

मार्चमध्ये आम्ही एसटीनं नागपूरला गेलो. सिव्हिल लाइन्सला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, आणि देशाची पेटंट माहिती प्रणाली १९७५ पासून नागपुरातच. मुंबई-दिल्लीची माणसं ज्यासाठी इथे येतात ते आमच्यापासून एका मुक्कामी गाडीच्या अंतरावर होतं. तिथल्या प्रशिक्षणात एक गोष्ट शिकले ती मी आता प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात शिकवते. पेटंटचं नाव आणि आकृती पाहून घाबरायचं नाही, आनंदायचंही नाही. शेवटी दिलेले ‘दावे’, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ती वाक्यं, वाचायचे. पहिला दावा घ्यायचा आणि त्याचे तुकडे पाडायचे: फिरणारा रोलर, एक तुकडा; त्यावर दाते, दुसरा; मागे कापूस काढणारा ब्रश, तिसरा. वहीत उभे रकाने आखायचे आणि आपल्या यंत्रात तो तुकडा आहे का, समोर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. म्होरक्यानं असे सदतीस दावे फोडले. ‘हो’ निळ्या पेनानं, ‘नाही’ लाल पेनानं. रोलरच्या रकान्यात सगळं निळं. जाळीच्या रकान्यातही काही निळं आलं, कारण कचरा गाळायच्या जाळ्या जिनिंगच्या यंत्रांत पूर्वीपासून आहेत. पण हातातल्या यंत्रात, मोटरच्या थरथरीवर, त्या कोनात: तिथे लाल.

अर्ज जून २०२३ मध्ये केला, तात्पुरत्या तपशिलाचा (प्रोव्हिजनल). पूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, एक दिवस उशीर झाला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. व्यक्तीच्या नावानं केला तरी तेवढीच आणि २०२१ च्या नियमबदलापासून शिक्षणसंस्थेच्या नावानं केला तरी तेवढीच. पुढे परीक्षणाच्या विनंतीचे ४,०००, लवकर प्रसिद्धी हवी तर २,५००. एवढ्यात बसतं. एजंटचा खर्च वेगळा. आम्ही मसुदा स्वतः लिहिला आणि त्याचे परिणामही भोगले, अर्ध्याहून अधिक दावे नंतर पुन्हा लिहावे लागले.

नावांवरून मात्र डोकं उठलं. शोधक म्हणून चार पोरं आणि मी. त्यात आणखी तीन नावं घाला असा निरोप वरून आला. मी म्हटलं, त्यांनी यंत्र पाहिलं तरी आहे का? प्रकरण दोन महिने थंड पडलं, मग आपोआप मिटलं. हे आमच्याच कॉलेजचं दुखणं नव्हे. ‘पेटंटमध्ये शोधकाची जागा शिल्लक, इतके हजार’ असे मेसेज प्राध्यापकांच्या ग्रुपवर राजरोस फिरतात. लोक घेतातही, कारण मूल्यांकनात आकडा लागतो. आणि शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये अर्ज नुसता प्रसिद्ध झाला की ‘पेटंट मिळालं’ म्हणून पेढे वाटतात. प्रसिद्धी तर १८ महिन्यांनी प्रत्येकच अर्जाची होते; परीक्षण त्याच्या पुढे.

मध्यंतरी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नलांच्या वर्गणीची सरकारी योजना सुरू झाली. तीस प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, देशभरातल्या ६,३०० च्या वर संस्था. ग्रंथपाल सर छापील बातमी घेऊन धावत आले. वाचता वाचता दोघंही एकाच ओळीवर थांबलो: केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था. आम्ही विनाअनुदानित. यवतमाळच्याच शासकीय अभियांत्रिकीतल्या पोराला जे एका क्लिकवर, ते आमच्या पोराला नाही, आणि दोघांच्या घरची पऱ्हाटी सारखीच. सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आमचं अजून ईमेलवरच चालतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परीक्षकाचा पहिला अहवाल आला. उत्तर द्यायला सहा महिने. आठ पानं, भाषा कोरडी, आणि आमच्या विरोधात जाणारी चार जुनी पेटंटं नावानिशी. वही काढून ताडून पाहिली. तीन त्या वहीत होती, रकान्यांसकट. चौथं चिनी, आमच्या नजरेतून निसटलेलं.

म्होरक्या आता चाकणला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. संध्याकाळी फोन केला. म्हटलं, तीन आपल्याकडे आहेत, एक नाही.

“कोनतं? नंबर धाडा.”

रात्री सव्वाअकराला त्याचा फोटो आला. वहीचं नवं पान, पेनानं आखलेले उभे रकाने, चौथ्या पेटंटचा पहिला दावा, त्याचे सहा तुकडे. पाच ‘हो’ निळे. जाळीपुढे लाल ‘नाही’, आणि त्याखाली बारीक अक्षरात: मॅडम, भाषांतर एकदा तुमीबी पाहून घ्या.