दाणा परत पिशवीत

दहावीला आनुवंशिकता शिकवताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यांचे आकडे फळ्यावर लिहिले, 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले, आणि हे प्रमाण तिनास एकाच्या इतके जवळ का येते, एवढेच विचारून टेबलावर दोन कापडी पिशव्या ठेवल्या. दोन्हींत लाल आणि पांढरी चवळी समसमान होती. एक पिशवी आईची, दुसरी वडिलांची. न पाहता प्रत्येकीतून एक दाणा काढायचा, जोडी वहीत नोंदवायची आणि दाणे ज्या त्या पिशवीत परत टाकायचे. कोणी दाणा हातातच ठेवला, तर सर ती नोंद खोडायला लावत. त्या आग्रहाचे मोल मला नोकरीत कळले.

विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करतो. द्रावणात रक्त मिसळल्यावर नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे इतकेच समजते. ती व्यक्ती वाहक आहे, म्हणजे तिच्यात एकच सदोष जनुक आहे, की रुग्ण, हे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीनंतरच ठरते. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोषमुक्त असण्याची 25 टक्के असते. ‘पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली ना?’ असे मला अनेक घरांतून विचारले जाते. नाही, दाणे पिशवीत परत गेलेले असतात. आजाराचा ठपका सुनेवर ठेवणाऱ्या सासूलाही मी हेच सांगतो, की रुग्ण बालकाला एक सदोष जनुक आईकडून आणि दुसरे वडिलांकडूनच आलेले असते. हा ठपका मला आजाराइतकाच क्रूर वाटतो.

आपल्या शाळेला माझी एक विनंती आहे. दहावीला हा धडा सुरू होईल त्याच सुमारास, पालकांच्या संमतीने, मुलामुलींची सिकलसेल तपासणी व्हावी आणि निकाल ज्याचा त्यालाच, त्याच्या पालकांसमक्ष, खासगीत समजावून सांगावा. लग्न ठरण्याच्या कितीतरी आधी ही माहिती हाती असेल. नमुने घ्यायला मी स्वतः येईन.