मानस बघायची तर तिथी विचारा

खाजन म्हणजे गोव्यातली, नदीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातली पाण्याची दारं. ती बघायच्या परवानगीच्या कागदावर वेळ होती शनिवार, सकाळी ११ ते १२. त्या दिवशी पौर्णिमा. खाजन ठाऊक असलेल्याला एवढं वाचूनच हसू येईल. पौर्णिमेला अकरा-साडेअकराला भरती पुरी होते. म्हणजे मानशीची दारं घट्ट मिटलेली, बघायला चिऱ्यांची भिंत आणि तिला टेकलेलं गढूळ पाणी. पोरं दहा मिनिटांत कंटाळली.

बांधाची दुरुस्ती चालू होती म्हणून परवानगी लागली. अर्जात नावं, आधार, मुलांची वयं, गाडीचा नंबर, सगळं विचारलं होतं. तिथी कुणी विचारली नाही. वेळ बदलून मागितली तर साहेब रजेवर. मग अर्ज नव्याने करा. मग आधीचा कागद परत केल्याशिवाय नवा मिळणार नाही. खिडकीमागच्या माणसाला म्हटलं, अहो, दार पाणी उघडतं, तुम्ही नाही. तो म्हणाला, कार्यालय साडेनऊला उघडतं. यात महिना गेला.

जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनला भरती. सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, नऊच्या सुमारास. नदीत जितकं आत जाल तितका उशीर धरा. अष्टमीच्या आसपास जाऊ नका, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, पाण्यात जोर नसतो. संकष्टीची चतुर्थी साधलीत तर आईसाठी साबुदाण्याचा डबा घ्या, बांधावर काही मिळत नाही.

सुकतीनंतर तासा-दीड तासाने बाहेरचं पाणी आतल्या पोयीच्या, म्हणजे दारामागच्या तळ्याच्या, बरोबरीला येतं. आतून बाहेर वाहणारा पालापाचोळा दारापाशी थबकतो, गोल फिरतो, मग उलटा आत सरकू लागतो. आणि दोन्ही दारं धाडकन मिटतात. मोटर नाही, दोरी नाही. दारं नदीच्या बाजूला उघडतात, त्यामुळे नदी चढली की तिचाच दाब ती चौकटीवर दाबून धरतो. ओहोटीला आतलं पाणी ती परत ढकलून उघडतं.

फटीत एखादी करवंटी किंवा प्लास्टिकची बाटली अडकली की खारं पाणी शेतात. कोरगूट भात खारटपणा सोसतं, पण त्यालाही हद्द आहे. बांधाचा खरा वैरी मात्र कुर्ली, म्हणजे खेकडा. चिखलात तिचं बीळ आरपार गेलं की त्यातून पाणी झिरपतं, बीळ रुंदावतं आणि उधाणाला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. म्हणून नव्याने लिंपलेल्या मातीवर पाय देऊ नका.

हे आधी सांगायला हवं होतं: मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, ज्याने घेतली आहे त्याला अगोदर विचारा. ओहोटीला तोंडावर त्याचं जाळं असतं, आणि दार कधी मिटेल हे तो कागदापेक्षा नेमकं सांगतो. चपला काढू नका, चिऱ्यांवरचे कालवांचे शिंपले पाय कापतात.

दुसऱ्या अर्जात वेळेच्या रकान्यात मी 'चतुर्थी, सुकतीनंतर तासाभराने' असं लिहिलं. लाल पेनाने ते खोडून कुणीतरी 'सकाळी १०' केलं. चाललं.