एका खोलीची पेशी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि मला नववीचा वर्ग आठवला. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर दोन गोल काढले होते, एक वाटीएवढा, एक परातीएवढा. खाली लिहिलं: आदिकेंद्रकी, दृश्यकेंद्रकी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांची पोरं. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि हे शब्द तर दोन्हीकडचे नव्हेत!

बाईंनी मला उभं केलं. "तुझ्या घरात खोल्या किती रे?"

"एकच, बाई. त्यातच माग."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. "जिवाणूचं, म्हणजे आदिकेंद्रकी पेशीचं घर असंच. गुणसूत्राला वेगळी खोली नाही, केंद्रकाला पडदा नाही, ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका नाहीत. तरी संसार चालतोच ना?"

त्या बोलण्यातली खरी गंमत मला बी.एस्सी.ला कळली. घरी आई सुताची कांडी भरायची आणि बसल्या जागेवरून वडिलांच्या हाती द्यायची. ती लगेच मागाच्या धोट्यात. गिरणीत तीच कांडी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायची. जिवाणूतही डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरत असतानाच रायबोझोम त्यावर प्रथिन विणायला बसतात. आपल्या दृश्यकेंद्रकी पेशीत आरएनएला आधी केंद्रकाबाहेर यावं लागतं. मोठं घर म्हणजे हेलपाटेही आलेच.

सहामाहीत मात्र मी माती खाल्ली. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, म्हणून ती आदिकेंद्रकी, असं ठोकून दिलं. बाईंचा लाल शेरा: "केंद्रक होतं, नंतर टाकून दिलं!"

पुढे वडिलांना क्षय झाला, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. जिवाणूंचे रायबोझोम ७० एस, आपल्या पेशीद्रवातले ८० एस ('एस' म्हणजे कण किती वेगानं तळाशी बसतो त्याचं माप). औषध त्या ७० एसवाल्यांनाच धरतं. पण आपल्या तंतुकणिकांचे पूर्वजही जिवाणूच. त्यांचे रायबोझोम अजून त्याच वळणाचे, त्यामुळे हे औषध काहींच्या कानांवर येतं. वडिलांनाही पुढे कमी ऐकू यायला लागलं. इंजेक्शनांनी की तीस वर्षांच्या खडखडाटानं, कोण सांगणार? मी तंतुकणिकांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, निदान तसं दाखवलं, आणि मागाकडेच बोट केलं.