आर५० की झेड३०: उन्हात न दाखवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांची गोष्ट

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) आणि मंदिरांवरील शिल्पे यांची छायाचित्रे मी बरीच वर्षे मोबाइलवर काढत आलो. बोरिवलीजवळच्या एकसर येथील नौकायुद्ध कोरलेल्या वीरगळांसमोर उभे राहिल्यावर मात्र, वल्ह्यांच्या रांगा मोबाइलच्या छायाचित्रात एकमेकींत मिसळून जातात हे इतक्यांदा खटकले होते, की लेन्स बदलता येणारा एखादा प्राथमिक श्रेणीचा कॅमेरा घ्यायचा, हे शेवटी नक्की केले. अंदाजपत्रक, घरातली संमती आणि पहिली चाळणी हे टप्पे विनासायास पार पडले आणि यादीत दोनच नावे उरली: २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेला निकॉन झेड३० आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आलेला कॅनन ईओएस आर५०.

कागदावर दोघांत निवड करणे अवघड आहे. दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, दोन्हींचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान आकाराचा, आणि बॅटरी व कार्डासह वजन अनुक्रमे ४०५ आणि ३७५ ग्रॅम, म्हणजे खांद्याला फरक जाणवू नये इतके. दोन्हींच्या बॉडीत हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण नाही. ते किट लेन्समध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्समध्ये आहे. मेगापिक्सेलचा आकडा २०.९ विरुद्ध २४.२ असा असल्याने आर५० बराच पुढे वाटतो, पण प्रत्यक्षात छायाचित्राची रुंदी एकात ५५६८ आणि दुसऱ्यात ६००० पिक्सेल एवढीच असते, आणि या फरकावर निर्णय घेणाऱ्याने तो आकडा सरळ विसरून जावा.

खरे फरक दोन होते, आणि ते नेमके एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढणारे होते. झेड३० ची किट लेन्स १६-५० मिलिमीटरची, तर आर५० ची १८-४५ ची. त्यात लहान सेन्सरमुळे दृश्य आक्रसण्याचे प्रमाण, म्हणजे क्रॉप, निकॉनचे १.५ आणि कॅननचे १.६ असल्यामुळे फुल फ्रेमच्या हिशेबाने पहिली लेन्स २४ पासून सुरू होते आणि दुसरी जवळजवळ २९ पासून. हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. अरुंद सभामंडपात पाठ खांबाला टेकल्यावर हे पाच मिलिमीटर कुठूनही आणता येत नाहीत. उलट झेड३० ला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकीच नाही. जे काही पाहायचे ते मागच्या पडद्यावर. आर५० ला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे. म्हणजे सगळा प्रश्न एका मुद्द्यावर आला, की भर उन्हात केवळ पडद्यावर पाहून मला काम करता येईल का? याचे उत्तर उन्हातच मिळू शकते, दुकानात नाही, आणि माझे घोडे अडले ते इथेच.

उपनगरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये दोन्ही कॅमेरे डेमोसाठी ठेवलेले आहेत, असे फोनवर सांगण्यात आले होते. ते होते खरे. पण एक काउंटर दाराशी, तर दुसरे पार आतल्या टोकाला, आणि एका काउंटरवरची वस्तू दुसऱ्यावर न्यायची नाही हा दुकानाचा नियम. कॅमेऱ्यांच्या तळाला चोरी टाळण्यासाठी वायर लावलेली चकती चिकटवलेली होती. वायर हातभर लांब असल्याने कॅमेरा डोळ्याशी नेताना मान खाली आणावी लागत होती. आर५० ची बॅटरी संपलेली होती. जुन्या, आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याची बॅटरी उतरली तरी आरशातून समोरचे दिसते. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये वीज नसेल तर फक्त काळोख. ज्या गोष्टीसाठी मी आलो होतो तीच पाहता येत नव्हती. बॅटरी काढून चार्जिंगला लावावी म्हटले, तर ती चकती नेमकी बॅटरीच्या झाकणावर चिकटवलेली, आणि ती सोडवण्याची किल्ली मॅनेजरकडे.

“मॅनेजर सर जेवायला गेलेत, तोवर हा फॉर्म भरून घ्या,” असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. नाव, मोबाइल क्रमांक, अपेक्षित किंमत आणि खरेदी किती दिवसांत करणार, असे रकाने त्या फॉर्मवर होते. कॅमेरा पाहण्यासाठी खरेदीची तारीख आधी का सांगावी, हे मला कळले नाही, त्याला विचारले तर त्यालाही सांगता आले नाही. मॅनेजर आले, किल्ली आली, मग चार्जर आतल्या खोलीत असल्याचे निष्पन्न झाले, आणि चार्जर येऊन बॅटरीत थोडी धुगधुगी भरेपर्यंत मी फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्यामधल्या जागेत उभा होतो, कारण बसायची सोय हप्त्यावर खरेदी करणाऱ्यांसाठी राखीव होती.

अखेर कॅमेरा सुरू झाला, पण त्याने काहीच साधले नाही. शोरूममध्ये छतभर एलईडी दिवे होते आणि दर्शनी काचेवर काळी फिल्म. त्या प्रकाशात दोन्ही पडदे झगझगीत दिसत होते, व्ह्यूफाइंडरही छान दिसत होता, म्हणजे तुलना शून्य. दाराबाहेरच्या पायरीवर ऊन पडले होते. दोन मिनिटे तिथवर कॅमेरा नेऊ द्या, तुमचा माणूस सोबत असू द्या, हवे तर आधार कार्ड किंवा गाडीची किल्ली ठेवून घ्या, असे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगून पाहिले. “सर, तशी पॉलिसी नाही,” हे उत्तर मॅनेजरांनी इतक्या सराईतपणे दिले, की हा प्रश्न विचारणारा मी पहिला नसावा. त्यावर काउंटरवरचा मुलगा माझी समजूत घालत म्हणाला, “स्क्रीन एकदम ब्राइट आहे सर, उन्हातसुद्धा क्लिअर दिसते.” ज्या दुकानातून तो कॅमेरा आजवर उन्हात गेलाच नव्हता, तिथे हे ज्ञान त्याला कुठून झाले, हे विचारण्याचे मी टाळले. राग त्या मुलावर नाहीच. एवढी महागडी वस्तू गिऱ्हाइकाने एलईडीखाली पाहून घ्यावी आणि उन्हात वापरावी, असा नियम ज्याने केला त्याच्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे फोर्टमध्ये बोरा बाजाराच्या परिसरात, जिथे कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे, तिथल्या एका दुकानदाराने सरळ सांगितले, की सीलबंद खोका फोडून दाखवता येणार नाही, पण एका दिवसासाठी दोन्ही भाड्याने घ्या आणि मग या. हा सल्ला मला आधी कोणी का दिला नाही, याचे आश्चर्य वाटते. भाड्याने देणारे आधार, पॅन, विजेचे बिल आणि परत मिळणारी अनामत मागतात. शनिवार-रविवारी लग्नांमुळे कॅमेरे मिळणे कठीण असते, म्हणून मधला वार धरावा. दोन्ही कॅमेरे किट लेन्ससह घ्यावेत, कार्ड आपलेच न्यावे, आणि दोन्हींवर एकच आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) व एकच अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) ठेवून तेच दृश्य टिपावे, नाहीतर घरी आल्यावर तुलना कशाची करायची तेच कळत नाही.

मी दोन्ही घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. वालधुनी नदीकाठचे हे शिलाहारकालीन मंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले, अशा परीक्षेसाठी उत्तम आहे; बाहेर काळ्या दगडावर कडक ऊन, आत मिणमिणता मंडप आणि त्याहून खाली, पायऱ्या उतरून गाभारा. पडद्याचा प्रकाश शेवटपर्यंत वाढवूनही झेड३० वर भर दुपारी चौकट कशीबशी लावता येत होती, पण छिन्नीची धार फोकसमध्ये आहे की नाही, हे ठरवता येत नव्हते. त्यात माझी चाळिशी. पडदा पाहायला जवळचा चष्मा लावावा, तर समोरचे शिल्प धूसर. काढावा, तर पडदा धूसर. छत्रीची सावली करून पाहिली, तर एक हात छत्रीत अडकला. आर५० च्या व्ह्यूफाइंडरशेजारच्या लहानशा चाकाने डोळ्याचा नंबर जुळवून घेतला आणि चष्म्याचा प्रश्नच संपला. टिपलेले छायाचित्रही त्यातच मोठे करून तपासता येते. उत्तरेची भिंत हिवाळ्यात सावलीत असते, तिथे मात्र दोघांत काही फरक राहिला नाही.

मंडपात पारडे उलटे फिरले. झेड३० च्या १६ मिलिमीटरवर छताचे कोरीव काम खांबांच्या शीर्षांसह चौकटीत बसत होते. आर५० वर एक तरी खांब कापला जात होता. झेड३० ची पकडही अधिक चांगली आहे, आर५० धरल्यावर करंगळी अधांतरी राहते. पण संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे १/१५ सेकंदासारखी गती हातावरच पेलावी लागते, आणि डोळ्याशी टेकवलेला कॅमेरा हात लांबवून धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्थिर राहतो, हे त्या अंधारातच पटले.

मी आर५० घेतला. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: त्याच्या नव्या पद्धतीच्या शूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेवर, जुने फ्लॅश थेट चालत नाहीत, एडी-ई१ नावाचा अॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. झिजलेल्या वीरगळावर बाजूने तिरपा प्रकाश टाकण्यासाठी घरी जुना फ्लॅश असेल, तर हा खर्च धरून चला. मी साध्या एलईडी टॉर्चवर भागवतो. व्ह्यूफाइंडरमुळे बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दुसरी हवीच. बिलाशिवाय स्वस्त देण्याची तयारी काही जण दाखवतात. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला असला तरी हा मोह टिकून आहे. मी जीएसटीचे पक्के बिल घेतले आणि बॉडीवरचा अनुक्रमांक खोक्यावर, बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तोच आहे ना, हे दुकानातच ताडून पाहिले.

रुंदीची उणीव कॅननच्या आरएफ-एस १०-१८ या १५० ग्रॅमच्या लेन्सने भरून निघते, पण तो वेगळा खर्च आहे. शिखरावरची शिल्पे ज्यांना अधिक टिपायची आहेत, त्यांनी दूरचे जवळ आणणाऱ्या लांब लेन्सचीही तुलना करावी (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी): निकॉनची ५०-२५० शेवटच्या टोकाला एफ/६.३ वर थांबते, तर कॅननची ५५-२१० एफ/७.१ वर, आणि पोहोचही कमी पडते. ज्यांचे काम मुख्यतः घरात, व्हिडिओचे किंवा अरुंद जागेतले आहे आणि ज्यांना अजून जवळचा चष्मा लागलेला नाही, त्यांनी झेड३० खुशाल घ्यावा.