परिस्थितीच तशी होती

आमच्या सोसायटीच्या सभेत एक वाक्य कधी चुकत नाही. टाकी इतके महिने का धुतली नाही, असं कुणी विचारलं की सेक्रेटरीकाका चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "काय करणार, परिस्थितीच तशी होती." विषय तिथेच मिटतो. परिस्थितीला जाब कोण विचारणार? ती ना मेंबर, ना भाडेकरू. हीच बया बँकेत 'सर्व्हर डाऊन' आणि कचेरीत 'वरून आदेश' या नावाने वावरते.

1968 च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये एका विशीतल्या पोराच्या तोंडून हे वाक्य निघालं आणि अर्धवटच राहिलं. पोरगा म्हणजे जोनाथन सॅक्स, केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञान शिकणारा लंडनचा ज्यू. अमेरिकाभर बसने हिंडायचं आणि मोठमोठ्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, गाठून प्रश्न विचारायचे, हा त्याचा सुट्टीतला उद्योग. लुबाविच या कर्मठ ज्यू पंथाचे प्रमुख रब्बी मेनाखेम श्नीरसन यांची भेट मागितली, तर तिथल्या मंडळींनी हसण्यावारी नेलं. हजारोंचा नंबर आधीच लागलेला. लॉस एंजेलिसच्या नातेवाइकांचा फोन नंबर ठेवून हा निघाला. काही आठवड्यांनी तिथे निरोप आला, गुरुवारी या. मग ग्रेहाउंडच्या बसमध्ये तीन दिवस बूड टेकून स्वारी परत न्यूयॉर्कला.

रब्बींनी त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग उलटतपासणी सुरू केली. केंब्रिजमध्ये ज्यू विद्यार्थी किती? त्यातले धर्माशी संबंध ठेवून असलेले किती? बाकीच्यांसाठी तू काय करतोस? सॅक्सने पक्क्या इंग्रजी सभ्यपणाने सुरुवात केली, "सध्या मी ज्या परिस्थितीत सापडलोय..." रब्बींनी तिथेच तोडलं. परिस्थितीत कुणी सापडत नसतं, आपणच स्वतःला तिच्यात नेऊन ठेवतो. आणि एकीत ठेवता आलं तर दुसरीतही ठेवता येईल.

हा किस्सा सॅक्स जन्मभर सांगत राहिले. दहा वर्षांनी ते पुन्हा सल्ल्याला गेले. बॅरिस्टर होऊ, अर्थशास्त्र धरू, की प्राध्यापकी? तिन्हींवर फुली. रब्बी हो आणि रब्बी घडव, असं उत्तर मिळालं. पुढे लंडनच्या ज्यूज कॉलेजचे प्राचार्य, 1991 ते 2013 ब्रिटनमधले मुख्य रब्बी, त्याच काळात लॉर्ड्स सभागृह, नंतर अध्यात्मासाठीचा टेम्पलटन पुरस्कार वगैरे. मला मात्र त्यांचं आठवड्याचं लिखाण जास्त मोलाचं वाटतं. त्या शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, तोरा या धर्मग्रंथाचा जो भाग वाचला जाणार, त्यावर एक निबंध. नेतृत्वावरच्या अशा निबंधांचं पुस्तक 2015 मध्ये आलं. पहिल्याच निबंधात पहिला माणूस आदाम, देवाने मना केलेलं फळ का खाल्लं असं विचारल्यावर, बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. म्हणजे माणूस जन्मला आणि सबब जन्मली, यात फारसं अंतर नाही.

माझा लाडका सबबवीर मात्र अहरोन. ज्यूंचा पुढारी मोशे देवाला भेटायला डोंगरावर गेलेला, लोक बिथरलेले, आणि त्यांच्या हट्टापायी मोशेच्या या थोरल्या भावाने पूजेला सोन्याचं वासरू करून दिलेलं. मोशे परत येऊन जाब विचारतो. अहरोन म्हणतो, लोक कसे आहेत तुला ठाऊकच आहे. त्यांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! गंमत अशी की तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या त्याच 32 व्या अध्यायात बरोब्बर वीस ओव्या आधी लिहिलंय की त्याने स्वतः हत्यार घेऊन ते कोरलं होतं. लिहिणाऱ्याने टिप्पणी केलेली नाही. हत्यार तेवढं नोंदवून ठेवलंय.

सॅक्सनाही परिस्थितीने गाठलंच. कुठल्याही एका धर्माकडे सत्याची मक्तेदारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी 2002 च्या 'द डिग्निटी ऑफ डिफरन्स' या पुस्तकात लिहिलं. कर्मठ रब्बी खवळले, आणि पुढच्या आवृत्तीत वाक्यं मवाळ झाली. समाज फुटू द्यायचा नाही ही मुख्य रब्बीची अडचण मला कळते, आणि माझ्या खिशातून काही जाणार नसताना मी धीटपणाच्या गप्पा मारतोय हेही कळतं. तरी ते पुस्तक कुणाला मिळवायचं असेल, तर पहिली आवृत्ती शोधा.