रात्री-अपरात्री दार वाजवावे

आमच्या तालुक्याच्या गावात बाजारपेठ संपते तिथे एक दुकान आहे. पाटीवर 'बांबू, सुपे, टोपल्या' असे ठळक लिहिले आहे. त्याखाली बारीक अक्षरात 'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल', आणि त्याहून बारीक 'रात्री-अपरात्री दार वाजवावे'. गावात दुपारी एक ते चार औषधाचे दुकानसुद्धा झोपते. त्यामुळे ही शेवटची ओळ लिहिणाऱ्याबद्दल मला फार आदर आहे.

घराणे बुरूडकामाचे. दुकानदारकाकांचे आजोबा सुपे-टोपल्या विणायचे, वडिलांनी त्याला मयताच्या सामानाची जोड दिली. पाचवीला बाळाला ज्यात निजवतात ते सूप इथलेच. लग्नात व्याह्यांच्या डोक्यावर दिवे लावून धरतात ती झालही इथलीच. आणि त्याच भिंतीला तिरडीचे बांबू उभे. लग्नघरच्या बायका झाल घ्यायला येतात तेव्हा मान अशी काही तिरकी धरतात की तो कोपरा दिसूच नये. काका काही बोलत नाहीत, पण झाल देताना स्वतःच मध्ये आडवे उभे राहतात.

सामान न्यायला आलेल्या माणसाला ते मोजकेच विचारतात. पुरुष की बाई? उंची साधारण किती? बाई असेल तर सवाष्ण का? एवढे कळले की हात चालू लागतात. दोन लांब बांबू, आडवे तुकडे, सुतळी, पांढरे कापड, मडके, मडके धरायला शिंकाळे, गोवऱ्या, कापूर, तूप, गुलाल, बुक्का, तुळशीची माळ. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, खण, बांगड्या, हळदकुंकू. लिंगायत घरचा माणूस आला की तिरडीचा विषयच नाही. तिथे बसवून नेतात, विमान सजवावे लागते. मुसलमान मोहल्ल्यातूनही कापडाला माणसे येतात. पुरुषाच्या कफनाला तीन कापडे, बाईच्या पाच, हे काकांना सांगावे लागत नाही. खिळ्याला कालनिर्णय असतेच. पंचक लागले आहे का ते बघून, लागले असेल तर पाच पुतळ्यांसाठी दर्भाची पेंडी न मागता पिशवीत पडते.

हल्ली सामान न्यायला येतो तो बहुधा पुण्या-मुंबईहून रातोरात आलेला मुलगा नाहीतर जावई असतो. त्याला यातले काहीच ठाऊक नसते. मडक्याला भोके किती पाडायची, फेऱ्या किती, जीवखडा कुणी जपायचा, सगळे काका सांगतात. वर हेही सांगतात, की घरीच गेले असतील तर डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला आधी घ्या आणि २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत नोंद करा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा आहे, पण आमच्याकडे तो खिडकीपलीकडच्या कारकुनापेक्षा या दुकानात जास्त नीट समजतो, असे माझे मत आहे.

या धंद्यात घासाघीस नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारा माणूस इथे सांगतील ती रक्कम मुकाट काढून देतो. बापाच्या तिरडीचा भाव पाडायला जीभ कशी उचलणार? म्हणजे लुबाडायला याहून सोपे गिऱ्हाईक नाही, आणि लुबाडणारे शहरात भेटतातही. काकांच्या काउंटरवर मात्र खडूने दर लिहिलेली फळी असते. गिऱ्हाईक विचारणार नाही, म्हणून आपणच लिहायचे, एवढेच त्यावर त्यांचे म्हणणे.

दुखणे उधारीचे. घाईत 'नंतर देतो' म्हणून नेलेले सामान, मग दहावा, तेरावा, पाहुण्यांची वर्दळ. पैसे मागायला जायचे कोणत्या दिवशी? आठवण करून दिली तर ती नुसत्या पैशांची होत नाही. वहीत अशी पुष्कळ पाने नुसतीच उलटलेली आहेत.

बोलायचीही पंचाईत आहे. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. इथे तर गिऱ्हाइकाला 'या' म्हणण्याचीही सोय नाही. कुणी सहज 'काय, धंदा कसा काय?' विचारले, तर 'बरा चाललाय' म्हणता येत नाही आणि 'मंदी आहे' म्हणणे त्याहून वाईट. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहताना काका नेमके काय मागत असतील, हे मी अजून विचारलेले नाही. गंमत म्हणजे शकुनशास्त्रात बाहेर पडताना प्रेत दिसणे शुभ मानतात. तिरडी बांधणारा सकाळी समोर आला की मात्र लोक चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकतात.

करोनात, माणसे सर्वांत जास्त गेली तेव्हा, या दुकानात बांबू पडून राहिले. दवाखान्यातून गुंडाळलेला देह थेट स्मशानात जायचा. तिरडी नाही, खांदेकरी नाहीत. काका त्या दिवसांत सुपे विणत बसायचे आणि ती घ्यायलाही कुणी यायचे नाही.

त्यांचे वडील गेले तेव्हा आम्ही शेजारी तिरडी बांधायला बसलो. अग्नी थोरला भाऊ देणार होता, म्हणून काका एका बाजूला उभे होते. आमच्या गाठी त्यांनी थोडा वेळ सहन केल्या. मग 'सरका' म्हणाले, सगळे सोडले आणि पुन्हा स्वतः बांधले. संध्याकाळी स्मशानातून आल्यावर, अंघोळ झाल्यावर, दुकानात जाऊन वही काढली आणि बांबू, कापड, सुतळी मांडायला बसले. भाऊ चिडला, म्हणाला, घरच्या माणसाचे कसले मांडतोस? काका म्हणाले, "माल बाहेर गेला की मांडायचा, ही त्यांचीच शिस्त. आणि हे बघ, निम्मे तुझ्या नावावर टाकलेत."