चार दिवसांच्या भटकंतीसाठी सॅक: तिसऱ्या हंगामाच्या नोंदी

ऑगस्ट

सत्तर लिटरची जुनी सॅक काढून टाकायची, हे गेल्या मार्चमध्ये बेलपाड्याहून साधले घाटाने हरिश्चंद्रगडाकडे चढतानाच ठरले होते. त्या दिवशी पाठीवर १९ किलो वजन होते आणि त्यातले ६ किलो निव्वळ पाणी होते. दर दहा मिनिटांनी कमरेचा पट्टा घसरून मांड्यांवर येत होता, तो वर ओढला की खांद्याचे पट्टे सैल पडत होते, आणि ते आवळले की सगळा भार पुन्हा मानेवर. तोपर्यंतच्या दोन हंगामांत या त्रासाचे खापर मी स्वतःच्या तब्येतीवर फोडत आलो होतो. या वेळी मात्र घरी परतल्यावर सॅकमधले सामान धुण्या-आवरण्यापूर्वी जमिनीवर मांडले, बॅगा मोजायचा हाताने धरण्याचा काटा घेतला आणि प्रत्येक वस्तूचे वजन वहीत लिहिले.

वस्तूंचे तीन ढीग केले: वापरलेल्या, न वापरलेल्या, आणि वापराव्या लागल्या नाहीत तरी न्यायलाच हव्यात अशा. तिसऱ्या ढिगात प्रथमोपचाराची पेटी, दोर आणि जास्तीची बॅटरी होती. त्यांना हात लावायचा नाही. दुसरा ढीग मात्र २ किलो ३०० ग्रॅमचा निघाला. रिकामी जागा दिसली की तिसरा टी-शर्ट, चिवड्याचा आणखी एक पुडा आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली चादर आत शिरतेच. त्यामुळे सॅकचे आकारमान ठरवण्याआधी सामान ठरवायला हवे होते, आणि मी दोन वर्षे नेमके उलटे करत होतो. खुद्द जुन्या सॅकचे रिकामे वजन २ किलो ४०० ग्रॅम भरले.

सप्टेंबर

हा महिना एका मापात गेला, आणि माझ्या मते या सगळ्या नोंदींत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सॅक विकत घेताना आपण लिटर विचारतो, रंग विचारतो, पावसाचे कव्हर सोबत आहे का ते विचारतो. परंतु आपल्या पाठीची लांबी किती, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ही लांबी मोजण्यासाठी मान पुढे झुकवावी. मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत ठळकपणे बोटाला लागतो, तो मानेचा सातवा मणका. तेथून मोजायला सुरुवात करायची. त्यानंतर दोन्ही हात कमरेवर अशा रीतीने ठेवायचे की अंगठे मागे येतील आणि तळवे कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी काल्पनिक रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तिथवरचे अंतर, पाठीच्या वळणाबरोबर टेप धरून, म्हणजे आपले माप. हे एकट्याला जमत नाही. सौभाग्यवतींनी शिलाई मशीनच्या डब्यातली टेप आणून तीन वेळा मोजले, आणि तिन्ही वेळा ४६ सेंटिमीटरच आले.

माझी उंची ५ फूट ९ इंच असल्यामुळे पहिल्या खरेदीच्या वेळी दुकानदाराने मोठ्या मापाची सॅक दिली होती आणि मीही ती निमूटपणे घेतली होती. जुन्या सॅकच्या पाठीची लांबी मोजली, तर ती ५२ सेंटिमीटर निघाली आणि ती कमी-जास्त करण्याची सोयच तिच्यात नव्हती. साधले घाटातल्या हालांचे कारण हे सहा सेंटिमीटर होते. उंची आणि पाठीची लांबी यांचा संबंध ढोबळ असतो: एकाच उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ. सॅकची पाठ गरजेपेक्षा लांब असली की कमरेचा पट्टा हाडावर बसवल्यास खांद्याचे पट्टे खांद्यापासून अधांतरी राहतात आणि सॅक मागे ओढते. पट्टे खांद्यावर टेकवले तर कमरेचा पट्टा खाली उतरतो. यातून सुटका पट्टे आवळून होत नाही.

ऑक्टोबर

दुकानात जाताना पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन भरलेले कॅन आणि एक चादर घेऊन गेलो. विक्रेत्याने जरा विचित्र नजरेने पाहिले, पण अडवले नाही. रिकामी सॅक पाठीवर घालून आरशात पाहणे म्हणजे चप्पल हातात धरून ती चावते की नाही ते ठरवणे. दहा किलो घातल्यावर तीन सॅक प्रत्येकी अर्धा तास पाठीवर ठेवून दुकानाचा जिना चढलो-उतरलो. पट्टे लावण्याचा क्रम पक्का पाळला: आधी सगळे सैल करायचे, मग कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर मधोमध बसवून घट्ट करायचा, त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे लोड लिफ्टर, आणि शेवटी छातीचा पट्टा. लोड लिफ्टरचा कोन साधारण ३० ते ४५ अंशांचा असावा. तो आडवा झाला तर त्याचा उपयोग संपतो.

पहिली सॅक जाळीच्या पाठीची होती. ताणलेल्या जाळीमुळे पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळती राहते, आणि कोकणातून घाट चढताना घामाने निथळलेल्या माणसाला हा मोह होणे स्वाभाविक आहे. पण त्याच पोकळीमुळे सगळे वजन पाठीपासून काही सेंटिमीटर दूर जाते, आणि जिन्यावर एकदम वळलो तेव्हा ती सॅक अर्धा क्षण उशिरा वळली. मळलेल्या वाटेवर याने बिघडत नाही. कातळात खोदलेल्या पावठ्यांवर, दरीकडे पाठ असताना, तो अर्धा क्षण मला नको होता. घाम परवडला. दुसऱ्या सॅकचा कमरेचा पट्टा मऊ होता आणि वजनाखाली दुमडत होता. तिसरी घेतली: ५० लिटर, रिकामे वजन १ किलो ६५० ग्रॅम, सपाट फोमची पाठ, आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, आणि पाठीची लांबी वर-खाली करण्याची सोय.

पन्नास लिटर पुरतील का, हा प्रश्न गटातल्या जवळजवळ सगळ्यांनी विचारला. हिशेब असा: सॅक १.६५ किलो, स्लीपिंग बॅग १.१, मॅट ०.४, तंबूतला माझा वाटा १.२, कपडे १.४, चार दिवसांचा शिधा २.४, स्टोव्ह-भांडी-गॅस यांतला वाटा ०.९, औषधे-विजेऱ्या-किरकोळ ०.९, दोरातला वाटा १.१ आणि चार लिटर पाणी ४ किलो. एकूण १५ किलो ५० ग्रॅम. माझे वजन ६४ किलो आहे, म्हणजे भार शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या किंचित आत राहतो.

या यादीत सर्वांत जड वस्तू पाणी आहे, आणि सह्याद्रीत सॅक निवडताना खरा पेच तिथेच आहे. डिसेंबरात ओढे वाहते असतात आणि दोन लिटरांवर भागते. मार्चमध्ये मात्र गडावरचे टाके येईपर्यंत थेंब मिळत नाही आणि पाच-सहा लिटर वाहून न्यावे लागतात. म्हणजे एकाच सॅकला ऋतूप्रमाणे चार किलोंचा फरक सोसता आला पाहिजे. याबाबतीत मला उपयोगी कल्पना सापडली ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या सॅकमध्ये. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीचा प्रश्न उद्भवत नाही. पण तिकडे परवाना घेऊन अनेक दिवस रानात राहणाऱ्या शिकाऱ्याला परतताना एल्कसारख्या अवाढव्य हरणाचे मांस पाठीवर आणावे लागते आणि एक मागची मांडीच सुमारे २५ ते ३० किलो भरते. म्हणून त्यांच्या सॅकची पिशवी फ्रेमपासून, म्हणजे पाठीकडच्या ताठ सांगाड्यापासून, सैल करता येते आणि फ्रेम व पिशवी यांच्यामधल्या जागेत ते ओझे बांधतात. जाताना लहान असलेली सॅक येताना मोठी होते, आणि मुख्य म्हणजे सर्वांत जड वस्तू पाठीला चिकटून राहते. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली आणि पुढे गिर्यारोहकांनी ती फ्रेम पिशवीच्या आत नेली; शिकाऱ्यांनी मात्र उघड्या फ्रेमची सोय सोडली नाही, त्याचे कारण हेच असावे.

तशी सॅक मी घेतलेली नाही, कारण रिकामी असतानाच ती जड असते. परंतु तिचे तत्त्व उचलले. दोन लिटरची गुंडाळता येणारी पाण्याची पिशवी आतल्या बाजूला, पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये ठेवतो, शिधा तिच्याभोवती, स्लीपिंग बॅग तळाशी. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या बाजूच्या खिशांत.

नोव्हेंबर

आतकरवाडीतून सिंहगडाच्या चार फेऱ्या केल्या, ९ किलोंपासून सुरुवात करून दर आठवड्याला दोन किलो वाढवत. तिसऱ्या फेरीत डाव्या कंबरेवर वळ उठला. पट्टा दोन सेंटिमीटर वर घेतल्यावर तो त्रास थांबला. मग पौर्णिमेच्या आसपास कात्रज ते सिंहगड ही रात्रीची चाल केली. टेकडीमागून टेकडी चढ-उतार करायला लावणारी ही वाट सॅकची परीक्षा घेण्यास उत्तम आहे, कारण उतारावर घसाऱ्यात पाय सरकला की सॅक अंगाबरोबर येते की अंगावर येते, ते लगेच कळते. माझी अंगाबरोबर आली. बाजूच्या खिशातली बाटली मात्र दोनदा उडाली, आणि दुसऱ्यांदा अंधारात बरीच खाली गेली.

डिसेंबर

रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खिरेश्वर: चार दिवस, तीन मुक्काम.

अमृतेश्वराच्या देवळापासून निघून रतनगडाच्या लोखंडी शिड्यांपाशी आलो, तेव्हा सॅकच्या रुंदीचे मोल पटले. माझ्या सॅकची रुंदी कोपरांच्या आत राहते; एका सोबत्याने मॅट सॅकच्या तळाशी आडवी बांधली होती, ती शिडीच्या कठड्यांत अडकली आणि त्याला मधल्या पायरीवर थांबून वळावे लागले. पुढे कात्राबाईच्या रानात कारवीने उरलेला धडा दिला. तिच्या ताठ काठ्या लोंबणारा प्रत्येक पट्टा, प्रत्येक मग आणि चटईची प्रत्येक गुंडाळी पकडून ठेवतात. बाहेर काही लटकवायचे नाही, हा नियम मी आता हट्टाने पाळतो. मॅट उभी करून सॅकच्या आत, भिंतीसारखी लावतो, आणि पट्ट्यांची लोंबती टोके गुंडाळून रबराने बांधतो.

कुमशेतमधून जे वाटाडे मामा आमच्याबरोबर आले, त्यांच्याकडे खांद्याला अडकवलेली एक पिशवी, कोयता आणि भाकरी होती. आमच्या पाठीकडे पाहून ते म्हणाले, “येवढा बाडबिस्तरा कशाला आणला? गावात जेवण भेटलं असतं की.” त्यांचे म्हणणे खरे होते. वाटेवर वस्ती असताना चारही दिवसांचा शिधा वाहून नेणे हा आमचा शहरी घाबरटपणा होता. दुसऱ्या रात्री त्यांच्याच घरी पिठले-भाकरी खाल्ली आणि उरलेला ६०० ग्रॅम शिधा परत घरी आला.

तोलार खिंडीकडच्या कातळटप्प्यावर सॅक पाठीवर ठेवूनच उतरलो, रेलिंग असल्याने अडचण आली नाही. मात्र त्याआधी एका आडवाटेच्या टप्प्यावर सॅक दोराने खाली सोडाव्या लागल्या. अशा वेळी दोर केवळ माथ्यावरच्या उचलायच्या पट्टीत बांधू नये. त्या पट्टीतून आणि खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांतून एकत्र ओवावा, म्हणजे एक शिवण उसवली तरी सॅक दरीत जात नाही. बकले लावून ठेवावीत, नाहीतर कातळावर आपटून तीच आधी तुटतात.

भाराबद्दल: चौथ्या दिवशी संध्याकाळी खिरेश्वरला सॅक उतरवली, तेव्हा खांद्यांवर वळ नव्हते. कमरेला थकवा होता आणि तो तिथेच असायला हवा.

जानेवारी

पावसाळ्यापूर्वीची कामे लिहून ठेवतो. पावसाचे कव्हर मी काढून टाकले आहे, कारण कारवीत ते फाटते आणि पाठीकडून झिरपणारे पाणी अडवत नाही. त्याऐवजी आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पीळ देऊन बांधतो. जुन्या सॅकच्या आतले पॉलियुरेथेनचे अस्तर चिकट होऊन सुटू लागले होते. दमट हवेत हे अस्तर असेच विरघळत जाते, त्यामुळे नवी सॅक पावसाळ्यात माळ्यावर न टाकता धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, खोलीत मोकळी टांगायची आहे. बाजूचे खिसे उथळ असल्याची तक्रार कायम आहे. चौकातल्या चांभारकाकांना सॅक दाखवली. त्यांनी खिशाच्या काठावर इलॅस्टिकची दोरी आणि गाठीची कडी शिवून देण्याचे कबूल केले आहे. ते काम झाले की मार्चमध्ये सहा लिटर पाणी घेऊन पुन्हा साधले घाट चढायचा आहे, आणि त्या वेळी पाण्याची दुसरी पिशवी पाठीला लागून बसते की नाही, एवढेच तपासायचे उरले आहे.